झूम की प्राइम? कॅमेऱ्याची बॅग हलकी करताना लेन्स कशी निवडावी

काही वर्षांपूर्वी गुंजवण्याहून चोर दरवाजाच्या वाटेने राजगड चढताना माझ्या पाठीवरच्या बॅगेत एक कॅमेरा आणि पाच लेन्स होत्या. रेलिंग धरून कातळ चढावा लागतो त्या टप्प्यावर त्या ओझ्याने मी दोनदा मागे ओढली गेले आणि दिवसभरात प्रत्यक्ष वापरली गेली ती एकच लेन्स. घरी आल्यावर बॅग वजनकाट्यावर ठेवली, तेव्हा ती साडेचार किलो भरली. त्या दिवसापासून मी लेन्स कमी करायला घेतल्या आणि वर्षभराने दोनवर आले: एक झूम आणि एक प्राइम. ज्यांनी अलीकडेच कॅमेरा घेतला आहे, सोबत आलेली १८-५५ ची लेन्स वापरली आहे, कुणाच्या तरी सांगण्यावरून आणखी एक-दोन लेन्स घेतल्या आहेत आणि आता नेमके काय ठेवावे याचा उलगडा होत नाही, त्यांच्यासाठी हे काम कोणत्या क्रमाने करावे ते इथे लिहिले आहे.

आधी दोन शब्दांचा अर्थ स्पष्ट करते. जिची फोकल लेंथ, म्हणजे नाभीय अंतर, रिंग फिरवून बदलता येते ती झूम लेन्स आणि जिची फोकल लेंथ ठरलेली असते ती प्राइम लेन्स. आकडा लहान असेल तर चौकटीत जास्त परिसर मावतो, मोठा असेल तर दूरचे जवळ दिसते. मात्र हा आकडा कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पट्टीच्या, आकारासह वाचावा लागतो. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिमीचा असतो, तर नवशिक्यांच्या बहुतेक कॅमेऱ्यांत त्याहून लहान, क्रॉप सेन्सर असतो, आणि त्यावर प्रत्येक लेन्स निकॉन, सोनी किंवा फुजीफिल्ममध्ये दीडपट व कॅननमध्ये १.६ पट लांब असल्यासारखी वागते. म्हणून निकॉनच्या क्रॉप बॉडीवरची १८-५५ ही फुल फ्रेमवरच्या साधारण २७-८२ इतके दृश्य दाखवते आणि ३५ मिमीची प्राइम ५० च्या जवळ जाते. पुढचे आकडे, वेगळे सांगितलेले नसेल तिथे, क्रॉप सेन्सरचे समजावेत.

पहिली पायरी: स्वतःचे जुने फोटो मोजा

दुकानात जाण्याआधी स्वतःच्या संगणकासमोर बसा. प्रत्येक डिजिटल फोटोच्या फाइलमध्ये तो कोणत्या फोकल लेंथवर, किती अ‍ॅपर्चरला (प्रकाश आत येण्याचे छिद्र किती उघडले) आणि किती शटर स्पीडला (शटर किती वेळ उघडे होते) काढला याची नोंद असते. विंडोजमध्ये फोल्डर ‘डिटेल्स’ स्वरूपात उघडून फोकल लेंथचा रकाना जोडता येतो. लाइटरूम वापरत असाल तर मेटाडेटा फिल्टर हेच काम एका झटक्यात करतो. आणि ज्यांना कमांड लिहिण्याची भीती वाटत नाही त्यांच्यासाठी एक्झिफटूल हा मोफत प्रोग्राम आहे. गेल्या वर्षभरातले सगळे फोटो मोजू नका. जे तुम्ही छापून घेतले, घरच्यांना पाठवले किंवा पुन्हा पुन्हा उघडून पाहिले तेवढेच वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या आणि १८ ते २४, २५ ते ३५, ३६ ते ५४ आणि अगदी ५५ अशा गटांत त्यांची वाटणी करा.

ही वाटणी वाचताना एक गोष्ट फार जपावी लागते. झूमच्या दोन्ही टोकांना फोटोंचा ढीग पडलेला दिसतोच, कारण रिंग फिरवणारा हात आपसूक शेवटपर्यंत जातो. ५५ वर शंभर फोटो दिसले म्हणून ५५ ही तुमची आवडती फोकल लेंथ आहे असे लगेच मानू नका; कदाचित तुम्हाला ८५ हवी होती आणि लेन्स तिथेच संपली. याचा पडताळा सोपा आहे. ५५ वर काढलेले फोटो तुम्ही नंतर कापून लहान केले असतील, तर तुम्हाला याहून लांब लेन्स हवी आहे. १८ वर काढलेले कापले असतील, तर तुम्हाला इतक्या रुंद चौकटीची मुळात गरज नव्हती. मधल्या भागातला ढीग मात्र खरा मानावा, कारण तिथे रिंग कुणी अपघाताने थांबवत नाही. माझ्या स्वतःच्या मोजणीत निम्म्याहून अधिक आवडते फोटो २८ ते ४० च्या दरम्यान निघाले आणि ज्या लेन्सवर मी सर्वांत जास्त पैसे खर्च केले होते तिचे फोटो एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

दुसरी पायरी: न काढलेल्या फोटोंची वही

फाइलमध्ये काढलेल्या फोटोची नोंद असते, हुकलेल्याची नसते. म्हणून महिनाभर खिशात एक लहान वही ठेवा, किंवा मोबाइलमध्ये नोंदी करा. फोटो जमला नाही की त्याचे कारण एका ओळीत लिहा: उजेड कमी पडला, विषय फार दूर होता, मागे सरकायला जागा नव्हती, किंवा लेन्स बदलेपर्यंत क्षण गेला. महिन्याअखेरीस यांतले एखादे कारण इतरांपेक्षा बरेच जास्त वेळा आलेले दिसेल. पुढचा सगळा निर्णय त्यावर उभा राहतो, त्यामुळे ही पायरी गाळू नये. उजेडाची तक्रार प्राइमकडे नेते, जागेची आणि वेळेची तक्रार झूमकडे नेते, आणि दूरच्या पक्ष्यांची तक्रार असेल तर झूम की प्राइम हा प्रश्नच तूर्त बाजूला ठेवावा, कारण भिगवणला उजनीच्या पाण्यात उभे असलेले रोहित पक्षी ५० मिमीच्या कोणत्याही लेन्सला ठिपक्यांसारखेच दिसतात.

तिसरी पायरी: उजेडाचा हिशेब

लेन्सच्या नावात फोकल लेंथनंतर जो आकडा येतो तो तिचे सर्वांत मोठे अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचे छिद्र, सांगतो. १.४, २, २.८, ४, ५.६, ८ या मालिकेत एकेक पायरी पुढे गेलो की प्रकाश निम्मा होतो. कॅमेऱ्यासोबत येणारी नेहमीची १८-५५ लेन्स १८ वर एफ/३.५ आणि ५५ वर एफ/५.६ इतकीच उघडते. ५० मिमी एफ/१.८ ही प्राइम एफ/५.६ च्या तुलनेत जवळपास दहापट प्रकाश आत घेते. संध्याकाळच्या आरतीच्या वेळी मंदिराच्या सभामंडपात झूमने ५५ वर एक पंधरांश सेकंदाचा शटर स्पीड मिळत असेल, तर त्याच आयएसओला (सेन्सरच्या प्रकाश-संवेदनशीलतेच्या आकड्याला) एफ/१.८ वर तो सुमारे एक दीडशेअंश सेकंदापर्यंत जातो. पहिल्यात टाळ वाजवणारे हात धुरकट होतात, दुसऱ्यात ते बरेचसे थांबलेले दिसतात.

इथे दुकानदार हमखास सांगतो की झूममध्ये स्थिरीकरणाची सोय आहे, त्यामुळे कमी उजेडातही काम भागते. हे अर्धेच खरे आहे. स्थिरीकरण तुमच्या हाताची थरथर सावरते. समोरच्या माणसाची हालचाल ते थांबवू शकत नाही. रिकाम्या मंडपातल्या कोरीव खांबांसाठी त्याचा मोठा उपयोग होतो, आरतीतल्या माणसांसाठी फारसा नाही.

मात्र प्राइमचे हे मोठे छिद्र प्रत्येक प्रसंगी उपयोगी पडते असेही नाही. ५० मिमी लेन्स एफ/१.८ वर उघडून एक मीटरवरचा चेहरा टिपला, तर क्रॉप सेन्सरवर स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर असते. एक डोळा स्पष्ट आणि दुसरा अस्पष्ट असे सहज घडते. बारशाला दोन रांगांत बसलेल्या घरच्यांचा फोटो काढायचा असेल तर अ‍ॅपर्चर एफ/५.६ पर्यंत मिटावेच लागते आणि तिथे आल्यावर प्राइम व झूम यांच्यात उजेडाचा फरक उरत नाही. म्हणून वहीतल्या ‘उजेड कमी पडला’ या प्रत्येक नोंदीपुढे, त्या फोटोत एक माणूस होता की दहा, हेही लिहून ठेवा.

एफ/२.८ चे झूम घेतले की दोन्ही प्रश्न सुटतील असे वाटते आणि व्यावसायिक छायाचित्रकार तसेच करतात. पण बॅग हलकी करायला निघालेल्या माणसाने वजन पाहावे. कॅननची ईएफ ५० मिमी एफ/१.८ एसटीएम सुमारे १६० ग्रॅमची आहे, तर त्याच कंपनीची ईएफ २४-७० मिमी एफ/२.८ एल २ ही ८०५ ग्रॅमची; किमतीतला फरक तर वजनातल्या फरकाहूनही कित्येक पटींनी मोठा आहे. लग्नाची कामे घेणाऱ्याला तो खर्च परत मिळतो, हौसेने फोटो काढणाऱ्याला बहुधा मिळत नाही.

चौथी पायरी: पाय हलू शकतात का?

‘प्राइम घ्या आणि पायांनी झूम करा’ हा सल्ला नवशिक्यांना सतत मिळतो. तो देणारे चांगल्या हेतूने देतात, पण त्यात एक महत्त्वाची गोष्ट निसटते, आणि ती समजली की लेन्स निवडणे खूप सोपे होते.

देवळाच्या आवारात एक माणूस तुमच्यापासून दोन मीटरवर उभा आहे आणि त्याच्या मागे आणखी वीस मीटरवर दीपमाळ आहे असे समजा. तुम्ही पायांनी मागे सरकून चार मीटरवर गेलात, तर माणूस चौकटीत निम्मा होतो. पण दीपमाळेचे अंतर बावीस मीटरवरून चोवीसच झाल्यामुळे ती केवळ बाराव्या हिश्शाने लहान होते. म्हणजे माणसाच्या तुलनेत दीपमाळ एकदम मोठी दिसू लागते. याउलट जागच्या जागी उभे राहून झूम फिरवले, तर दोन्ही एकाच प्रमाणात लहान-मोठे होतात आणि त्यांचे आपसातले नाते तसेच राहते. मागचे-पुढचे प्रमाण अंतराने ठरते, लेन्सने नव्हे. लेन्स केवळ त्या दृश्याचा किती भाग घ्यायचा ते ठरवते. चेहरा फार जवळून टिपला की नाक मोठे आणि कान लहान दिसतात तेही याच कारणाने, आणि म्हणून पोर्ट्रेट काढताना आधी दीड-दोन मीटरवर उभे राहावे, मग त्या अंतरावरून चौकट नीट भरेल अशी लेन्स शोधावी.

म्हणून माझा क्रम असा आहे: आधी उभे राहण्याची जागा ठरवावी, नंतर फोकल लेंथ. जिथे जागा मनाप्रमाणे निवडता येते तिथे प्राइम उत्तम काम देते, कारण तिच्यामुळे ती जागा शोधण्याची सवय लागते. जिथे जागा परिस्थिती ठरवते तिथे झूमला पर्याय नाही. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाट चढते तेव्हा वरच्या कड्यावर उभा असलेला छायाचित्रकार पुढे जाऊ शकत नाही आणि मागेही सरकू शकत नाही. त्याला संपूर्ण घाटातला वारकऱ्यांचा प्रवाहही हवा असतो आणि एका वळणावरचा रथही. तिथे ५० ची प्राइम घेऊन गेलेल्याला एकाच प्रकारचा फोटो मिळतो. तीच प्राइम सासवडच्या मुक्कामी, संध्याकाळी राहुटीच्या दाराशी बसलेल्या वारकऱ्यांमध्ये नेली, तर तिच्याइतकी योग्य लेन्स नाही.

पाचवी पायरी: चिकटपट्टीची परीक्षा

प्राइम विकत घेण्याआधी ती तुम्हाला पटते का, हे एका पैशाचाही खर्च न करता तपासता येते. तुमच्या १८-५५ ची रिंग ३५ वर आणा आणि कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून ती तिथेच बसवून टाका. आठवडाभर फक्त तसेच फोटो काढा. पुढच्या आठवड्यात ५० वर. पहिले दोन दिवस चिडचिड होते, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच चौकट कुठपर्यंत येईल याचा अंदाज येऊ लागतो. तो आलाच नाही आणि प्रत्येक वेळी पट्टी काढावीशी वाटली, तर प्राइम तुमच्यासाठी नाही, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. या परीक्षेत फक्त उजेडाचा फायदा कळत नाही, कारण झूमचे छिद्र लहान ते लहानच राहते. त्यासाठी मोठ्या शहरांत लेन्स दिवसाच्या भाड्यावर मिळतात. शनिवार-रविवार भाड्याने घेऊन पाहणे विकत घेऊन पस्तावण्यापेक्षा बरे.

घरात, खोलीच्या मापात, मुलांचे आणि माणसांचे फोटो काढणाऱ्याला क्रॉप सेन्सरवर ५० मिमी अडचणीची वाटते, हे अनुभवाने सांगते. पाठ भिंतीला टेकते तरी चौकटीत माणूस मावत नाही. अशांनी ३५ चा विचार करावा.

धारदारपणाबद्दलही इथेच लिहिते, कारण या टप्प्यावर लोक त्यावर अडून बसतात. प्राइम झूमपेक्षा स्पष्ट असते हे वाक्य जुन्या काळातून आले आहे. ३५ मिमी रुंदीच्या, म्हणजे फुल फ्रेमइतकी चौकट देणाऱ्या, फिल्मच्या स्थिर कॅमेऱ्यासाठी पहिली झूम लेन्स, फोइक्टलेंडर कंपनीची ३६-८२ मिमी एफ/२.८ झूमार, १९५९ मध्ये आली आणि त्यानंतरची कित्येक वर्षे झूम खरोखरच डावी होती. त्याआधीच्या पिढ्या प्राइमवरच वाढल्या: १९२५ मध्ये त्याच फिल्मचा लायका कॅमेरा आला तो ५० मिमीची एकच लेन्स घेऊन, फ्रेंच छायाचित्रकार ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ यांनी बहुतेक काम ५० वरच केले आणि आपल्याकडे भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी वापरलेल्या रोलेफ्लेक्स कॅमेऱ्याची लेन्स तर बदलताच येत नसे. आजच्या झूमने एफ/८ वर काढलेला आणि ए-४ कागदावर छापलेला फोटो प्राइमच्या फोटोशेजारी ठेवला, तर फरक सांगणे अवघड जाते. धारदारपणासाठी प्राइम घेऊ नका. उजेड, वजन आणि एका नजरेची सवय या तीन कारणांसाठी घ्या.

सहावी पायरी: जोडी ठरवा

दोन लेन्स ठेवायच्या असतील तर त्या एकमेकींचे काम करणाऱ्या नसाव्यात. माझी कसोटी अशी की प्राइमचे अ‍ॅपर्चर त्याच फोकल लेंथवरच्या झूमपेक्षा किमान दोन पायऱ्या मोठे असावे. एफ/४ ची झूम आणि एफ/१.८ ची प्राइम ही जोडी जुळते. एफ/२.८ ची झूम जवळ असताना एफ/१.८ ची प्राइम घेतली, तर फरक सव्वा पायरीच्या आसपास राहतो आणि ती लेन्स हळूहळू कपाटात जाते. प्राइमची फोकल लेंथ पहिल्या पायरीतल्या मधल्या ढिगातून घ्यावी. झूमची लांबी वहीतल्या ‘फार दूर’ आणि ‘मागे जागा नाही’ या नोंदींवरून ठरवावी.

फक्त प्रवासाचे फोटो काढणाऱ्याने प्राइम अजिबात घेतली नाही तरी चालेल. १८-१३५ सारखी एक झूम त्याला पुरते. फुलांसाठी कासला जाणाऱ्याला मॅक्रो लेन्स, म्हणजे लहान वस्तू मोठ्या टिपणारी लेन्स, हवी, आणि ती बहुधा प्राइमच असते. मात्र पठारावरची फुले तुडवली जाऊ नयेत म्हणून वाट सोडता येत नाही, तेव्हा ९० किंवा १०० मिमीची, थोड्या अंतरावरून काम करणारी मॅक्रो निवडावी.

बॅगेत दोन प्राइम आणि झूम नाही, अशी जोडी नवशिक्यांना मी सुचवत नाही. लेन्स वारंवार बदलाव्या लागतात आणि आपल्या हवेत ते सोपे नाही. जेजुरीला भंडारा उधळला जात असताना कॅमेऱ्याचे तोंड उघडले, तर ती पिवळी पूड सेन्सरवर बसते आणि पुढचे सगळे फोटो डागाळतात. कोकणातल्या पावसातही तेच. अशा ठिकाणी निघण्यापूर्वी घरीच एक लेन्स लावावी आणि परत येईपर्यंत काढू नये.

खरेदीपूर्वी माउंटची, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कड्याची, खात्री करा, विशेषतः जुनी लेन्स स्वस्तात मिळत असेल तेव्हा. निकॉनच्या डी-३५०० किंवा डी-५६०० सारख्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे जुनी ५० मिमी एफ/१.८ डी लेन्स तिच्यावर बसते, फोटोही निघतो, पण ऑटोफोकस चालत नाही. तिथे स्वतःची मोटर असलेली, उदाहरणार्थ एएफ-एस किंवा एएफ-पी मालिकेतली, लेन्स हवी. कॅननच्या नव्या आरएफ माउंटच्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) बॉडीवर जुन्या ईएफ माउंटची लेन्स अ‍ॅडॅप्टर लावून उत्तम चालते, मात्र अ‍ॅडॅप्टरची किंमत आणि वजन हिशेबात धरावे.

सातवी पायरी: लगेच विकू नका

बाजूला काढलेल्या लेन्स तीन महिने घरातच ठेवा, पण बॅगेत नव्हे. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारे लहानसे मीटर इतकी तयारी पुरते. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवावी. पावसाळ्यात कातडी केसमध्ये किंवा कपाटाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात पडून राहिलेल्या लेन्सच्या आत बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू काचेवर पसरतात आणि उशीर झाला तर काचेवरचा लेपही खाल्ला जातो. माझी एक चांगली झूम मी अशीच घालवली आहे, म्हणून हे कळकळीने सांगते. डब्यातून एखादी लेन्स तुम्ही बाहेर काढलीत, तर कशासाठी काढली ते तारखेसह वहीत लिहा. तीन महिन्यांत जिला हात लागला नाही ती विकायला हरकत नाही; मात्र ते तीन महिने पावसाळ्याचे असतील आणि तुम्ही एरवी डोंगरात फिरणारे असाल, तर मुदत डिसेंबरपर्यंत वाढवा.

विकण्याआधी लेन्सची दोन्ही झाकणे काढून अंधाऱ्या खोलीत मागून टॉर्चचा उजेड पाडा आणि समोरून तिरके पाहा. तंतू, धुके किंवा ओरखडे असतील तर घेणाऱ्याला आधीच दाखवा आणि त्याप्रमाणे किंमत कमी करा. स्वतः जुनी लेन्स घेताना हीच तपासणी तुम्ही करा. झूम असेल तर रिंग सगळीकडे सारख्या दाबाने फिरते ना, आणि लेन्स खाली धरल्यावर नळी आपोआप बाहेर घसरत नाही ना, हे पाहा. मागच्या माउंटवरचे धातूचे टिपके कोरड्या, मऊ कापडाने पुसून घ्या, कॅमेऱ्याला लावून सर्वांत लहान अ‍ॅपर्चरवर एका कोऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि तो फोटो, दोन्ही झाकणे आणि असल्यास हूड (लेन्सच्या तोंडावरचे, उन्हाची तिरीप अडवणारे कडे) लेन्ससोबत द्या.